डाव्या भिंतीपलीकडचं दूध

ऑस्लोमधल्या एका संगीतशाळेत चाळीस विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी डावीकडे मान वळवली, तेव्हा मी मिरजेत फ्रिज बंद करत होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. त्या दिवशी माझी चिंता वेगळीच होती. स्कूटरची किल्ली गोठलेल्या मटणाच्या डब्याला चिकटून बसली होती.

किल्ली फ्रिजमध्ये का, ते आधी सांगतो. जैबुनआपांच्या स्टुडिओत गाणं मुद्रित करण्याआधी फ्रिज बंद करायचा, कारण त्याची घरघर मायक्रोफोनला ऐकू जाते. आणि बंद करताना स्कूटरची किल्ली आत ठेवायची. घरी जाताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि तो चालू करायची आठवण होते. हा मला वेडेपणा वाटला होता. मग एकदा किल्ली खिशात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या गायकानं पहिला श्वास घेऊन विचारलं, "इथं कोण वारलंय का?" तेव्हापासून मी ही पद्धत मानतो. त्या फ्रिजात मटण असे, लिंबं असत, कधी दोन बॅटऱ्या असत. दूध कधीच नसे. आपा आणि त्यांचे यजमान दस्तगीरचाचा दोघंही कोरा चहा पीत. दुधाचा चहा हे आजाऱ्याचं पेय आहे, असं चाचांचं मत होतं, आणि चाचांची मतं बदलत नसत.

स्टुडिओची पाटी शेजारच्या गिरणीची पाटी रंगवणाऱ्यानंच रंगवली होती. त्यामुळे 'जैबुन ध्वनिमुद्रण' या अक्षरांखाली एक मायक्रोफोन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या आहेत. लोक अधूनमधून दळण घेऊन येतात. आपा त्यांना शेजारी पाठवतात, पण आधी विचारतात, "ज्वारी ना? डब्याच्या आवाजावरून वाटलं." ज्वारीच असते.

मी शार्दूल आवटी, ध्वनी-अभियांत्रिकीचा पदवीधर. पदवीचा कागद घेऊन मी आपांकडे शिकायला आलो तेव्हा त्यांनी तो बघितला नाही. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "डोळे मीट. जवळून लांब जात जा. काय काय ऐकू येतं ते सांग."

"पंखा," मी म्हणालो. "फ्रिज. गिरणी. रस्त्यावर रिक्षा."

"आणि?"

"आणि काही नाही."

"तुझं मनगटी घड्याळ. सगळ्यात जवळचंच सोडलंस. आणि?"

"आणि... तुम्ही बोलताय."

"आणि खोली," असं म्हणून त्यांनी एक टाळी वाजवली. "ही खोली टाळी कशी परत करते ते ऐक. वर छताशी जरा लांबवते, खाली सतरंजी गिळून टाकते. माणूस गातो तेव्हा एकटा गात नाही बाबा, खोली पण गाते."

पहिले तीन महिने मला एकाही बटणाला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी एकच प्रश्न: "काय ऐकलंस आज?" मी यादी सांगायची, आणि त्या "आणि?" म्हणायच्या. या एका शब्दानं मला जितकं छळलं तितकं चार वर्षांच्या अभ्यासक्रमानं छळलं नव्हतं.

पण बाईंचा कान! मायक्रोफोन तंबोऱ्याच्या घोडीजवळ नेला की माश्या घोंगावतात, भोपळ्याजवळ नेला की रांजण बोलतो, आणि मधोमध, घोडीपासून चार बोटं सरकून, एक जागा आहे जिथं तंबोरा तंबोऱ्यासारखा वाजतो. चार बोटं कुणाची, तर आपांची. माझ्या बोटांनी साडेतीन. एका गायिकेची तान चालू असताना बांगडी किणकिणली. मी ती पुसून टाकायला निघालो, तर आपांनी माझा हात धरला. "बांगडी वाजली म्हणून पोरगी दचकली, दचकली म्हणून तशी वर गेली. बांगडी काढलीस तर वर कशाला गेली ते ऐकणाऱ्याला कळणार कसं?"

आणि त्यांना 'बस' कळायचं. गायक सात वेळा गातो, सगळे प्रयत्न बरे असतात. पाचव्याला आपा म्हणणार, "बस, हेच." पुढचे दोन ऐकून आम्ही सगळे पाचव्यावरच यायचो. कसं कळतं विचारलं तर म्हणायच्या, "जवारी लागल्यासारखं."

आता जवारी. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या एका पसरट घोडीवरून जातात. घोडीचा माथा कानशीनं असा उतरता घासायचा की थरथरणारी तार त्याला पुसटशी शिवत राहील. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवत न्यायचा. नेमक्या जागी आला की एका तारेतून दहा स्वर उमलतात. त्याला म्हणायचं जवारी लागली. एक घासणी कमी पडली तर आवाज मुका. एक जास्त झाली तर फाटका, मग घोडी फेकून द्यायची. दस्तगीरचाचा हेच करत, छप्पन्न वर्षं, स्टुडिओच्या डाव्या भिंतीपलीकडच्या खोलीत. मिरजेतला सगळ्यात तुसडा कारागीर अशी त्यांची ख्याती होती. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर उत्तरच देत नसत. लोक म्हणत, "कला मोठी आहे, चालायचंच."

गाणाऱ्याच्या खोलीला तीन थरांच्या भिंती होत्या. पण आपा जिथं बसून ऐकत, त्या खोलीची डावी भिंत साधी, एका विटेची. मी दोनदा म्हटलं, आपा, हिलाही आवाजबंद करून घेऊ या. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "राहू दे."

हे मी ऐकलं होतं. त्यावर 'आणि?' मात्र विचारलं नव्हतं.

*

कर्णदूत आमच्याकडे आला तो माझ्यामुळे.

आपल्याला वाटतं कान म्हणजे नरसाळं, आवाज ओतला की आत जातो. तसं नाही. कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत, सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशी आवाज आला की स्वतः आखडतात, लांबतात, नाचतात म्हणा ना, आणि बारीक आवाज वाढवून पुढे देतात. या नाचाचाही आवाज होतो आणि तो कानातून बाहेर येतो. तान्ह्या बाळांचे कान दवाखान्यात असेच तपासतात. बाळाला विचारता येत नाही, म्हणून कानालाच विचारतात.

दुसरी गोष्ट अशी की मेंदू कानाला उलट हुकूम पाठवतो. या आवाजाकडे जोर लाव, त्याच्याकडे सैल सोड. लक्ष देणं म्हणतात ते काही अंशी कानातच घडतं, आणि त्या नाचाच्या आवाजात त्याच्या खुणा उमटतात. पुण्याच्या कर्णदूत कंपनीनं या खुणा वाचणारी बोंडं बनवली. जाणकारानं ती सहा महिने कानात घालायची. कुठल्या आवाजाशी, कुठल्या दिशेला त्याचं लक्ष जातं हे यंत्र शिकतं. मग तीच बोंडं तुम्ही घातलीत की जाणकारानं ज्याकडे लक्ष दिलं असतं ते यंत्र तुमच्यासाठी केसभर वाढवतं आणि ज्याकडे त्यानं दुर्लक्ष केलं असतं ते केसभर दाबतं. झाला तुमचा कान त्याचा. लोक त्याला 'उसना कान' म्हणू लागले.

त्याला मागणीही होती. फोनला सांगितलं की फोन गाणं करून देई, इतकी गाणी झाली होती. सगळी सुबक, सगळी सारखी. त्यांतलं जिवंत कुठलं हे ओळखणारी माणसं मात्र आटत चालली होती.

मी आपांच्या मागे लागलो. "तुमचा कान जगाला मिळेल."

"माझ्याकडे राहील ना एक?"

"राहील."

"मग घे."

सूचनापत्रात स्पष्ट लिहिलं होतं की काम नसेल तेव्हा बोंडं काढून ठेवावीत. मी आपांना विचारलं, तुमचं ऐकण्याचं काम कधी नसतं? त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "असं कधी नसतं." म्हणून मी बोंडं दिवसभर ठेवली. माझी चूक ती एवढीच.

सहा महिन्यांनी 'जैबुन, मिरज' या नावाचा कान बाजारात आला आणि वर्षभरात साठ हजार लोकांनी घातला. पहिला मी. चोरून.

मी एका दिवसात हुशार झालो. "काय ऐकलंस आज?" याला अशी उत्तरं देऊ लागलो की आपांना 'आणि?' म्हणायला जागा उरेना. आठवडाभर चाललं. मग त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी स्टुडिओतलं जुनं भजन लावलं आणि विचारलं, "यात खोट काय?"

मी टाळ्यांमधला विस्कळीतपणा सांगितला, पेटीची बसकी पट्टी सांगितली, गायकाची सर्दी सांगितली.

"घड्याळ?"

"कुठलं घड्याळ?"

"उजवीकडे भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गिरणीवाल्यानं पहिल्या फटक्यात सांगितलं होतं. आमच्या घरात चाळीस वर्षं तसलंच घड्याळ आहे, त्यामुळे ते ऐकू न येणारं माणूस जगात एकच आहे. मी." त्यांनी हात पुढे केला. "काढ. माझ्या चुका मला ओळखू येतात."

बोंडं त्यांच्या तळहातावर ठेवताना मी ओशाळून म्हणालो, "आपा, माझ्या कानाला दहा वर्षं लागतील."

"मग लाग की कामाला. बोलत काय बसलास?"

*

ऑस्लोचं प्रकरण तेव्हाचंच. 'जैबुन, मिरज' घातलेले लोक दिवसातून तीसचाळीस वेळा डावीकडे मान वळवत. डाव्या भिंतीपलीकडचा बारीकसा आवाज त्यांना एकदम स्पष्ट ऐकू येई. कोथरूडच्या एका गृहस्थांना शेजारच्यांचं त्यांच्याबद्दलचं मत समजलं आणि दोन कुटुंबांचा दिवाळीचा फराळ बंद झाला. कंपनीकडे अकराशे तक्रारी आल्या. आभाराची पत्रं आली तीन. त्यांतलं एक ऑस्लोचं: वर्गानं मान वळवली, आणि त्यातली एक मुलगी उठून बाहेर धावली. भिंतीपलीकडच्या घरात एक म्हातारी न्हाणीघरात पडली होती आणि चमच्यानं नळावर टकटक करत होती. दोन तास करत होती.

कंपनीनं याला 'डावा दोष' असं नाव दिलं आणि पुढच्या आवृत्तीत तो काढून टाकला.

नवा कान अप्रतिम होता. प्रत्येक खोट पकडायचा. अडचण एकच होती: थांबायचा नाही. मुंबईतला एक संगीतकार तीन मिनिटांचं गाणं घेऊन बसला आणि एकोणीस दिवसांनी उठला. गाणं सहा सेकंदांचं उरलं होतं, पण निर्दोष होतं. सांगलीच्या एका छायाचित्रकारानं लग्नाच्या चित्रफितीचा आवाज सुधारायला घेतला. त्या जोडप्याचं बारसंही उरकलं, तो अजून मंगलाष्टकांवर होता. कान सगळं सांगत होता, फक्त 'बस' म्हणत नव्हता.

एका सकाळी कंपनीच्या कौमुदी गानूंचा फोन आला. आवाज असा, जणू माणूस आलेखावरच झोपून उठलंय.

"शार्दूल, आम्ही डावा दोष काढला तेव्हा त्याच्यासोबत 'पुरे झालं' ही खूणही निघून गेली. दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. त्यांचा कान आधी डावीकडे ताणतो, बराच वेळ ताणून राहतो, आणि मग एकदम सैल सुटतो. तीच खूण पुढं गाण्यालाही लागते. बाईंना 'पुरे' म्हणजे काय हे डावीकडूनच कळतं. काय आहे तुमच्या डावीकडे?"

"भिंत," मी म्हणालो.

"शुक्रवारी येते."

मग त्यांनी कायद्याचं सांगितलं. उसन्या कानात तिसऱ्या माणसाचा आवाज शिरला असेल, तर त्याचं नाव, तो आवाज कसला आणि जाणकार तो का ऐकत होता, हे सगळं जाहीर अहवालात छापायचं. कान मागे घेतला तरी छापायचं. वस्तूंना सवलत होती. वस्तू असेल तर नुसतं वस्तूचं नाव पुरे.

मी आपांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"सवय आहे म्हणून सांग."

"कसली सवय, विचारतील."

त्या खुर्चीत बसल्या. मीही माझ्या खुर्चीत बसलो. बोंडं नव्हती, काम नव्हतं. म्हणून डोळे मिटले आणि जवळून लांब जायला लागलो. घड्याळ. पंखा. खोली. आपांचा श्वास. मग डावी भिंत, आणि तिच्यापलीकडे चाचा: कानशीची खर्र, खर्र. तारेवर बोट, टणण. खर्र. टणण. तारेचा आवाज हळूहळू उघडत गेला, जणू कुणी आतून कडी काढतंय. आणि अचानक, अगदी जवळ, टक.

मी डोळे उघडले. आपांचं बोट भिंतीवर होतं. पलीकडची कानस थांबली होती.

दोन वर्षं मी ती टकटक ऐकत आलो होतो. मला वाटायचं, बोटं दुखतात म्हणून आपा ती मोडतात.

जेवणाच्या सुट्टीत मी पलीकडे गेलो. चाचा भिंतीला पाठ लावून, खाली मान घालून घोडी पुसत होते. ते नेहमी भिंतीला पाठ लावूनच बसत. मी दारातून, त्यांना दिसणार नाही असा, म्हणालो, "चाचा." काही नाही. "चाचा, तुमच्या शेजारी बिबट्या बसलाय." चाचांनी घोडीवर फुंकर मारली. माणूस एक तर बहिरा होता किंवा अतिशय शूर.

म्हणजे तुसडे नव्हते. त्यांना ऐकूच येत नव्हतं. जवारीची शेवटची घासणी, जी फक्त कानाला कळते, ती आपा भिंतीतून ऐकत होत्या आणि चाचांच्या पाठीत ठोकून सांगत होत्या. देशभरातले गवई ज्या तंबोऱ्यांना कानाची पाळी पकडून दाद देत, ते असे बनत होते. आणि आता हे नावानिशी छापून येणार होतं, कारण मी बोंडं दिवसभर ठेवली होती.

संध्याकाळी आपांनी विचारलं, "काय ऐकलंस आज?"

"पंखा. गिरणी. रिक्षा. खोली."

"आणि?"

मी भिंतीकडे पाहिलं. "आणि काही नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुढचं 'आणि?' विचारलं नाही. चष्मा काढून पदराला पुसत बसल्या. चष्मा स्वच्छ होता.

*

शुक्रवारी अकरा वाजता कौमुदी गानू आल्या. तिशीच्या, बारीक केस, हातात आलेखांची पाटी. आपांनी चहा दिला. गानू डाव्या भिंतीसमोरच बसल्या.

"पलीकडे कोण असतं?"

"आमचे हे. तंबोरे करतात," आपा म्हणाल्या.

"तुम्ही त्यांचं काही ऐकता?"

"नवऱ्याचं कोण ऐकतं बाई?"

गानू हसल्या, पण नजर आपांच्या हातावरून हलली नाही. पलीकडे खर्र, टणण चालू होतं. आपांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकात एक घट्ट.

तार उघडत चालली होती. खर्र, टणण. अजून थोडी. खर्र, टणण. आपा भिंत वाजवू शकत नव्हत्या. वाजवली तर सगळं उघडं. नाही वाजवली तर चाचा घासत राहणार, आवाज फाटणार, आणि छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून असा तंबोरा बाहेर जाणार की घेणारा त्यांच्या तोंडाकडे बघेल. आपांचा अंगठा पांढरा पडला होता. मी डोळे मिटले. यंत्र नव्हतं, आपांचा कान नव्हता. माझाच होता, साडेतीन बोटांचा. खर्र, टणण. आतली कडी सरकली. आता. आत्ताच, असं मला वाटलं.

"दूध!" मी ओरडलो. उडी मारून भिंतीवर दोन्ही मुठींनी धडाधड मारलं. "चाचा! दूध उतू जातंय!"

कानस थांबली.

आपा माझ्याकडे, बहुधा पहिल्यांदाच, कौतुकानं बघत होत्या. किंवा भीतीनं. दोन्ही सारखंच दिसतं.

"तुम्ही विचारत होता ना," मी गानूंना म्हणालो, "डावीकडे काय? दूध. पलीकडे शेगडी आहे. आपांचा एक कान कायम दुधावर असतो. आधी ताण, मग गॅस बंद झाला की सुटका. म्हणून सैल."

"दिवसातून चाळीस वेळा दूध तापवता?"

"म्हशीचं आहे," मी म्हणालो. याहून चांगलं काही सुचलं नाही.

"आणि मगाशी जी कानस चालू होती, ती आत्ता थांबली."

"चाचा दूध उतरवायला उठले."

गानूंनी पेल्यात पाहिलं. चहा काळा होता. तळाशी लिंबाची एक बी होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग आपांच्या हातांकडे. आपांनी आता मुठी सोडल्या होत्या, आणि उजव्या तर्जनीच्या सांध्यावर गेल्या कित्येक वर्षांचा एक घट्टा होता, स्वच्छ दिसत होता. गानूंना तो दिसला. मग त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि एकेक अक्षर उच्चारत लिहिलं, "ध्वनीचा उगम: वस्तू. वस्तूचं नाव: दूध."

उरलेला चहा पिऊन त्या उठल्या. दारात चपला घालता घालता आपांना म्हणाल्या, "कान पूर्वीसारखा करते. डावी बाजू परत घालते. आणि चहा फार छान होता. कोरा असूनही."

आपांनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. त्या बाईलाही ऐकता येत होतं. तिनं काय ऐकलं ते मात्र अहवालात आलं नाही.

*

जुना कान परत आला, सोबत सूचना: 'या कानाच्या जाणकार दुधाकडे लक्ष ठेवतात.' आता जगभर चांगल्या स्टुडिओत डाव्या हाताला एका पातेल्यात मंद आचेवर दूध ठेवतात. मुंबईचा संगीतकार म्हणतो, दुधाशिवाय गाणं संपत नाही. ऑस्लोहून पत्र आलं: दूध गायीचं की म्हशीचं? आपांनी उत्तर कळवलं, "म्हशीचं. साय जाड धरते, धीर शिकवते." घरात दूध आजही येत नाही.

गानू गेल्या त्याच दुपारी चाचांनी मला बोलावलं होतं. मी त्यांच्या समोर बसलो, ओठ दिसतील असा.

"भिंत तू बडवलीस."

मी मान हलवली.

"जैबुन एका बोटानं वाजवते. तुझं म्हणजे धाड पडल्यासारखं." त्यांनी मांडीवरचा तंबोरा थोपटला. "आणि एक घासणी आधी वाजवलीस. बोटाला कळतंय मला."

"मग थांबलात का?"

"भिंत वाजली की थांबायचं, असं ठरलंय."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. नऊ वर्षं झाली. तिला वाटतं मला कळत नाही कोण वाजवतं ते. तिला सांगू नकोस." त्यांनी तंबोरा माझ्याकडे सरकवला. "हा विकायचा नाही. एक घासणी बाकी आहे. घरी ने, रोज ऐक. कुठल्या तारेखाली बाकी आहे ते कळलं की ये."

मी चार महिने ऐकला. सकाळी ऐकला, आंघोळीनंतर ऐकला, वैतागून ऐकला. आई म्हणाली, एवढं लक्ष तू कधी माझ्याकडे दिलं नाहीस. मग मी आईचंही ऐकायला लागलो, आणि तिच्याबद्दल तीन नव्या गोष्टी कळल्या. त्यांतली एक म्हणजे तिला माझी कोथिंबिरीची चटणी आवडत नाही. पाच वर्षं खात होती.

आणि एका सकाळी तंबोऱ्यातही ऐकू आलं. मधल्या दोन तारांच्या जोडीतल्या दुसऱ्या तारेत एक स्वर उंबऱ्यावर उभा होता, आत येत नव्हता.

मी तंबोरा घेऊन गेलो आणि बोट ठेवून दाखवलं. चाचा उठले, आपली जागा मला दिली आणि हातात कानस ठेवली. मी भिंतीला पाठ लावून बसलो. पलीकडे आपा कुणाचं तरी गाणं ऐकत होत्या. फ्रिज बंद होता, माझी किल्ली त्यात होती. मी श्वास धरून कानस घोडीवर ठेवली आणि एकदा ओढली. खर्र. तार छेडली.

एक, मग पाच, मग मोजता येईनात इतके स्वर उमलले. हात आपोआप पुढच्या घासणीसाठी उचलला गेला.

पाठीत, भिंतीतून, एका बोटानं, टक.

मी थांबलो.